एका सम्राटाची बाझी: स्वतःचा अभ्यास बांधताना तपासलेलं एक प्रकरण

चिनी ज्योतिषातली बाझी शिकायला घेतली की बहुतेकजण पहिली पत्रिका स्वतःची मांडतात. ते स्वाभाविक आहे, पण अभ्यासाच्या दृष्टीने त्याचा फारसा उपयोग नाही. आपलं आयुष्य आपल्याला पाठ असतं, त्यामुळे पत्रिकेत दिसलेली प्रत्येक खूण कुठल्या ना कुठल्या आठवणीला चिकटते आणि शास्त्र जमलं असं वाटू लागतं. मला अशी पत्रिका हवी होती जिची जन्मवेळ अधिकृतपणे नोंदलेली आहे, जिचं आयुष्य तारीखवार लिहिलेलं आहे आणि, मिळालंच तर, जिच्यावर ते आयुष्य घडण्याआधी कोणीतरी लेखी अभिप्राय दिला आहे. या तिन्ही अटींत बसणारी एक पत्रिका चीनमध्ये प्रसिद्धच आहे. ती छिंग घराण्यातल्या छ्येनलोंग सम्राटाची.

त्याचं नाव होंगली. जन्म कांगशी सम्राटाच्या कारकिर्दीच्या पन्नासाव्या वर्षी, आठव्या चांद्रमासाच्या तेराव्या दिवशी, उंदराच्या प्रहरात. आपल्या कॅलेंडरने २५ सप्टेंबर १७११. बाप तेव्हा नुसता राजपुत्र होता, आजोबा सिंहासनावर होते आणि कांगशीला मुलगे भरपूर असल्याने वारसा कुणाकडे जाणार हे ठरलेलं नव्हतं. १७२२ मध्ये म्हाताऱ्या कांगशीने या नातवाला जवळ आणलं आणि त्याची बाझी बघायला मागवली. त्या बाझीवरचा अभिप्राय राजवाड्याच्या कागदांत टिकून राहिला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात कांगशी वारला. म्हणजे हा कागद होंगली सम्राट होण्याच्या तेरा वर्षं आधीचा आहे. ज्योतिषाच्या अभ्यासकाला असा दस्तऐवज क्वचित मिळतो.

पत्रिका हाताने मांडणं

सॉफ्टवेअरमध्ये तारीख टाकली की चार खांब एका क्षणात समोर येतात. मी तसं न करता ते हाताने काढायचं ठरवलं, कारण प्रत्येक खांबापाशी एक निवड दडलेली असते आणि सॉफ्टवेअर ती आपल्याला न विचारता करून टाकतं.

बाझी म्हणजे आठ अक्षरं: वर्ष, महिना, दिवस आणि प्रहर यांचे चार खांब, प्रत्येक खांबात वर एक खोड आणि खाली एक फांदी. खोडं दहा, लाकूड, अग्नी, माती, धातू, पाणी या पाच तत्त्वांची यांग आणि यिन रूपं. फांद्या बारा, उंदरापासून डुकरापर्यंतचे ओळखीचे बारा प्राणी. दोन्ही जोडीने फिरल्या की साठाचं चक्र होतं. प्रभव-विभव मोजणाऱ्या आपल्या माणसाला साठाचं चक्र परकं वाटत नाही. फरक एवढाच की इथे वर्षांसोबत महिने, दिवस आणि प्रहरही याच चक्रात मोजले जातात.

माझे मामा पंचांगावरून पत्रिका मांडतात. ते माझ्या वहीत डोकावून म्हणाले, "अगं, यात ग्रह कुठायत?" मी म्हटलं, "नाहीत मामा. सूर्याचे अंश तेवढे लागतात, बाकी सगळी मोजदाद." "मग राहू-केतूही नाहीत?" बाझीत नाहीत, हे खरं. पण राहू-केतू चीनला पोचले होते, तेही भारतातूनच. तांग काळात चांगआनच्या दरबारात भारतीय वंशाचे गौतम घराण्यातले ज्योतिर्विद होते. त्यांच्यातल्या गौतम सिद्धाने ७१८ साली नवग्रहांची गणितपद्धती चिनीत आणली. लुओहोउ आणि जिदू या नावांनी राहू-केतू तिथल्या ग्रहांच्या ज्योतिषात रुजले. बाझी ही वेगळी वाट आहे. तांग काळात तिच्यात वर्षाच्या खांबाला महत्त्व होतं. सोंग काळात शू त्झफिंगच्या नावाने चालणाऱ्या पद्धतीने दिवसाचं खोड म्हणजेच जातक असं धरलं आणि आजची बाझी त्याच पायावर उभी आहे.

आता खांब. १७११ मधून ३ वजा केले की १७०८, साठाने भागून उरतात २८. चक्रातली अठ्ठाविसावी जोडी शिन–ससा, म्हणजे यिन धातूखाली ससा. वर्ष कधी बदलतं यावर वाद आहे: चांद्र नववर्षाला की सूर्य सायन (वसंतसंपातापासून मोजलेल्या) ३१५ अंशांवर येतो त्या लीछुनला, साधारण ४ फेब्रुवारीला. सप्टेंबरातल्या जन्माला याने फरक पडत नाही, पण जानेवारी-फेब्रुवारीतल्या जन्माला अख्खा खांब बदलतो. मी लीछुन धरते आणि ते वहीच्या पहिल्या पानावर लिहिलेलं आहे.

महिना चांद्र नाही, सौर आहे. आपल्या संक्रांतीसारख्या बारा सीमा आहेत, मात्र सायन मोजलेल्या. सूर्य १६५ अंशांवर आला की कोंबड्याचा महिना लागतो, १९५ वर संपतो. १७११ मध्ये ही पहिली सीमा ८ सप्टेंबरच्या सुमारास होती. शिन वर्षातल्या कोंबड्याच्या महिन्याचं खोड ठरलेलं आहे, डिंग, यिन अग्नी.

दिवसाच्या खांबाचं गणित मला सर्वात आवडतं, कारण त्यात कुणाच्या मताला जागा नाही. १ जानेवारी २००० हा चक्रातला पंचावन्नावा दिवस. तिथून २५ सप्टेंबर १७११ पर्यंत मागे गेलं की १,०५,२८८ दिवस होतात. साठाने भागा, बाकी ४८. पंचावन्नातून अठ्ठेचाळीस गेले, सात. सातवी जोडी गेंग–घोडा, म्हणजे यांग धातूखाली घोडा. राजवाड्याच्या कागदातही तीच आहे. जवळपास तीनशे वर्षांच्या अंतरावरून साठाचं चक्र एकही दिवस न चुकता जुळतं, हे स्वतः कागदावर करून बघितल्याशिवाय त्यातली मजा कळत नाही.

राहिला प्रहर. चिनी प्रहर दोन तासांचा, बरोबर आपल्या पाच घटकांचा. उंदराचा प्रहर रात्री अकरा ते एक, म्हणजे तो मध्यरात्र ओलांडतो. दिवस अकराला बदलायचा की बाराला, हा बाझीतला जुना तंटा आहे. छिंग काळातलं सरकारी कॅलेंडर मध्यरात्री तारीख बदलत असे. तेरावा दिवस आणि उंदराचा प्रहर म्हटल्यावर जन्म मध्यरात्रीनंतरच्या तासातला धरला तर कुठलीही पद्धत वापरा, दिवस गेंग–घोडाच येतो. गेंग दिवसाला उंदराच्या प्रहराचं खोड बिंग, यांग अग्नी. जन्मस्थळाबद्दलही दोन मतं आहेत: बीजिंगमधला बापाचा वाडा, जो आज योंगहगोंग मंदिर म्हणून ओळखला जातो, किंवा चंगदचा उन्हाळी महाल. दोन्हींच्या रेखांशात दीड अंशाचा फरक, म्हणजे सहा मिनिटं. त्याने प्रहर हलत नाही.

चार खांब असे: यिन धातू–ससा, यिन अग्नी–कोंबडा, यांग धातू–घोडा, यांग अग्नी–उंदीर.

आयुष्य न बघता केलेलं वाचन

ही पत्रिका चीनमध्ये इतकी गाजली आहे की तिचं वाचन कोरी पाटी घेऊन करता येत नाही. तरीही मी आधी फक्त खांबांवरून लिहिलं आणि चरित्राची पानं मिटून ठेवली.

जातक म्हणजे दिवसाचं खोड, गेंग. हा कच्चा, जड, कुऱ्हाडीचा धातू. जन्म भर शरदात, जेव्हा धातूचाच अंमल असतो, आणि कोंबडा हे गेंगचं "पातं" आहे, म्हणजे त्याच्या बळाची धारदार टोकाची जागा. वर्षाच्या खोडात धाकटा धातूही आहे. तेव्हा धातू प्रबळ. प्रबळ धातूला वळण लावायला अग्नी लागतो आणि इथे तो दोन्ही बाजूंनी आहे: महिन्यात डिंग, जो गेंगच्या नात्याने "अधिकारी" ठरतो, आणि प्रहरात बिंग, जो "सातवा मारेकरी", कारण जिच्यावर घाव घालायचा त्या खोडापासून मोजत गेलं की तो सातव्या जागी येतो. अग्नीला मूळ घोड्यात आहे. म्हणजे भट्टी खरी आहे, नुसती दिसायला नाही. खालच्या चार फांद्या उंदीर, घोडा, ससा, कोंबडा, चारही मुख्य दिशांच्या. उंदीर-घोडा एकमेकांवर आदळतात, ससा-कोंबडा एकमेकांवर आदळतात. पत्रिकेत कुठेही शांत कोपरा नाही.

यावरून मी चार गोष्टी लिहिल्या. लाकूड आणि अग्नीच्या दशा चांगल्या, ओल्या मातीच्या दशेत अधिकाराची आग मंदावेल. पत्नीचं स्थान (दिवसाची फांदी, घोडा) उंदराच्या टकरीत आहे आणि पत्नीचं तत्त्व (लाकूड, सशात) कोंबड्याच्या टकरीत. तेव्हा कोंबड्याच्या वर्षांत पत्नीबाबत काही घडावं. मुलांचं स्थान प्रहराची फांदी, उंदीर; घोड्याच्या वर्षांत मुलांवर आघात. आणि पाण्याच्या दशेत, जिथे पाणी मारेकऱ्याला आवरतं, तिथे युद्धात यश.

प्रत्येक ओळीसमोर मी आणखी एक ओळ लिहिली: काय घडलं नाही तर हे चुकलं म्हणायचं. अभ्यासाचा हा भाग सर्वात कंटाळवाणा आहे आणि त्यावाचून बाकी सगळं पोकळ राहतं.

१७२२ चा अभिप्राय

राजवाड्यातल्या त्या वाचकाचा मार्ग माझ्याहून फार वेगळा नाही. शरदातला धातू, पात्याचा योग, अग्नीत तापून तलवारीचं पातं घडलं; चारही दिशांच्या फांद्या मिळून मोठा योग झाला; बुद्धी आणि कर्तृत्व दोन्ही. लहानपणी किरकोळ पीडा, पण त्यांनी काही बिघडणार नाही. सोळाव्या वर्षापासून चांगला काळ. पत्नी अत्यंत गुणी, मुलं पुष्कळ, आयुष्य दीर्घ.

पत्नी खरोखर गुणी मिळाली. १७२७ मध्ये लग्न झालेली फुचा घराण्यातली सम्राज्ञी, जिचा शोक छ्येनलोंगने आयुष्यभर केला. मुलं सत्तावीस झाली, सतरा मुलगे आणि दहा मुली. आयुष्य सत्त्याऐंशी वर्षांचं, चीनच्या सम्राटांत सर्वात दीर्घ मानलं जाणारं. तिन्ही बरोबर. पण हे कोणासमोर लिहिलं जात होतं हे विसरून चालणार नाही. सम्राटाने लाडक्या नातवाची पत्रिका मागवली असता दरबारी वाचकाने वेगळं काय लिहिलं असतं? अनेक राण्या असणाऱ्या राजपुत्राला पुष्कळ मुलं सांगणं सोपं आहे. दीर्घायुष्याचं भाकीत तेवढं स्वस्त नाही, कारण त्या घराण्यात त्याची खात्री नव्हती: पणजोबा शुंझी बाविसाव्या वर्षी गेला होता, बाप योंगझेंग पुढे छप्पन्नाव्या वर्षी गेला. तरी ते शुभाशीर्वादाच्या भाषेतलं वाक्य आहे. मी त्याला वहीत अर्धं श्रेय दिलं.

सम्राट होईल असं त्यात स्पष्ट लिहिलेलं नाही, आणि मला तो त्या कागदाचा प्रामाणिकपणा वाटतो. बाझीच्या एकूण शक्यता मोजल्या तर साठ वर्षं, बारा महिने, साठ दिवस, बारा प्रहर, म्हणजे ५,१८,४०० पत्रिका. त्या काळी चीनची लोकसंख्या दहा कोटी जरी धरली आणि हजारी पस्तीस-चाळीस जन्म धरले तरी एका प्रहरात आठ-नऊशे मुलं जन्मतात, त्यांतले निम्मे मुलगे. छ्येनलोंगची हीच आठ अक्षरं घेऊन त्या रात्री चारेकशे मुलगे जन्मले असणार. त्यांच्यातला एकच राजपुत्र यिनजेनच्या, म्हणजे पुढच्या योंगझेंग सम्राटाच्या वाड्यात होता. चार दिशांच्या फांद्या म्हणजे सम्राटयोग असं जे हमखास सांगितलं जातं, ते या चारशेंचा विचार न करता सांगितलं जातं.

दशांची गोड जुळणी

इथे या प्रकरणातला सर्वात शिकवणारा भाग येतो.

दशा दहा-दहा वर्षांच्या. यिन वर्षातला पुरुष असल्याने त्या मागे मोजतात: कोंबड्यामागे माकड, मेंढी, घोडा, साप, ड्रॅगन, ससा, वाघ, बैल, उंदीर. पहिली दशा कधी लागते ते जन्मापासून मागच्या सौर सीमेपर्यंतच्या दिवसांवरून; तीन दिवसांना एक वर्ष. इथे सोळा दिवसांच्या थोडं वर भरतात, म्हणजे सुमारे पाच वर्षं पाच महिने. दशाबदल १७१७ च्या सुरुवातीला, मग १७२७, १७३७ आणि पुढे.

राजवाड्याच्या वाचकाने सोळावं वर्ष दिलं आहे. चिनी गणतीत मूल जन्मताच एक वर्षाचं आणि नववर्षाला दोनाचं होतं, त्यामुळे होंगलीचं सोळावं वर्ष १७२६. म्हणजे त्याने पूर्ण वर्षांत गणित केलं आणि त्याचे बदल येतात १७१६, १७२६, १७३६, आणि असंच पुढे १७९६.

आता बघा. योंगझेंग ऑक्टोबर १७३५ मध्ये वारला. छ्येनलोंगच्या कारकिर्दीचं पहिलं वर्ष १७३६. आणि त्याने सिंहासन सोडलं ते फेब्रुवारी १७९६ मध्ये. पूर्ण वर्षांचं गणित घेतलं तर सत्तेचा आरंभ आणि शेवट दोन्ही दशाबदलावर नेमके बसतात. हे बघून कोणाही शिकणाऱ्याचं मन हरखेल.

पण ही दोन प्रमाणं नाहीत, एकच आहे. छ्येनलोंगने कारकिर्दीच्या आरंभीच संकल्प केला होता की आजोबांच्या एकसष्ट वर्षांहून जास्त काळ आपण सिंहासनावर राहायचं नाही, आणि त्याने साठ वर्षं पुरी करून ते सोडलं. साठ म्हणजे दहाच्या सहा दशा. सुरुवात दशाबदलाला लागली की शेवटही तिथेच पडणार, दैवाने नव्हे, त्याच्या संकल्पाने. म्हणून वहीत मी याला एकदाच मोजलं. आणि अंशांचं काटेकोर गणित मी धरत असल्याने (१७३७) तेही सव्वा वर्षाने हुकलं. दोन गणितांपैकी जे निकाल माहीत झाल्यावर जास्त जुळतं ते निवडायची मुभा मी स्वतःला देत नाही. सुरुवातीला जे ठरलं तेच शेवटपर्यंत.

कोंबड्याची आणि घोड्याची वर्षं

मग बाकीच्या ओळी तपासल्या.

युद्धाची ओळ ड्रॅगनच्या दशेशी (१७५७ ते १७६७) बांधलेली होती, जिच्या खोडात पाणी आहे. झुंगार मंगोलांवरची मोहीम १७५५ ला सुरू झाली आणि १७५९ पर्यंत आजच्या शिनजियांगचा प्रदेश ताब्यात आला. हे छान बसतं. मात्र त्याच दशेच्या शेवटी ब्रह्मदेशावरचं युद्ध सुरू झालं, १७६९ पर्यंत चाललं आणि छिंग सैन्याला ते जिंकता आलं नाही. इथे चरित्रकारांइतकंच स्वतः सम्राटापासूनही सावध राहावं लागतं: म्हातारपणी त्याने आपल्या दहा मोहिमा परिपूर्ण ठरवल्या आणि त्यांत ब्रह्मदेश आणि व्हिएतनामही घातले. पत्रिका तपासणाऱ्याने जर सम्राटाचीच यादी प्रमाण मानली तर सगळंच यश दिसेल. मी या ओळीसमोर "अर्धं" लिहिलं.

बैलाची दशा, ओली माती, १७८७ ते १७९७. सम्राटाचा लाडका मंत्री हशेन याचा भ्रष्ट कारभार कळसाला पोचलेला, १७९५ ला मियाओ जमातीचं बंड, १७९६ ला पांढरं कमळ या पंथाचं बंड. अधिकाराची आग मंदावणं याहून स्पष्ट काय असतं? तरी वयाच्या पंचाहत्तरीनंतर कोणत्याही राजाची पकड सैल होते, त्यामुळे जुळलं असलं तरी वजन कमी.

आता पत्नीची ओळ. १७६५, यी–कोंबडा. यी म्हणजे यिन लाकूड, पत्नीचं तत्त्व, आणि कोंबडा त्याच तत्त्वाच्या मुळावर, सशावर घाव घालतो. त्या वर्षीच्या दक्षिण दौऱ्यात दुसऱ्या सम्राज्ञीने, नारा घराण्यातल्या, आपले केस कापले. मांचू रीतीत ते शोकाचं चिन्ह, म्हणजे पती जिवंत असताना भयंकर अपमान. तिला राजधानीत परत पाठवलं गेलं, पुढच्या वर्षी ती वारली आणि तिला सम्राज्ञीचे अंत्यविधीही मिळाले नाहीत. पानावर हे इतकं अचूक बसतं की अंगावर काटा येतो.

पण कोंबड्याचं वर्ष दर बारा वर्षांनी येतं. १७२९, १७४१, १७५३ या वर्षांत सम्राज्ञीच्या बाबतीत असं काही नाही. १७७७ मध्ये, पुन्हा कोंबडा, सम्राटाची आई वारली आणि इथे मोह फार मोठा: घरातली स्त्रीच ना? मी लिहिलं होतं पत्नी. आईचा मृत्यू त्या ओळीत बसवला की ओळीला अर्थच राहत नाही. आणि सर्वात मोठा आघात, फुचा सम्राज्ञीचा मृत्यू, तो एप्रिल १७४८ चा, पूर्वेच्या दौऱ्यावर, दजोउला. ते ड्रॅगनचं वर्ष. ड्रॅगनची घोड्याशी टक्कर नाही, सशाशी नाही. कोंबड्याशी तर त्याचं सख्य आहे. तत्त्वं खेचूनताणून त्यातही कारण काढता येतं, आणि चिनी भाष्यकारांनी काढलेलंही आहे. पण माझ्या लिहिलेल्या नियमाने ते वर्ष दिसायला हवं होतं आणि दिसलं नाही. ज्या माणसाच्या आयुष्यातलं सर्वात खोल दुःख पत्नीवियोगाचं, त्याच्या पत्रिकेत तेच सुटलं. समोर "जुळलं नाही" असं लिहिलं.

मुलांच्या ओळीचंही असंच. घोड्याच्या १७३८ मध्ये ज्याला गुपचूप वारस नेमलं होतं तो योंगलियन वारला. घोड्याच्याच १७५० मध्ये थोरला योंगहुआंग. ही दोन वर्षं शेजारी लिहिली की नियम सिद्ध झाला असं वाटतं. मग पूर्ण यादी काढली. सतरा मुलग्यांपैकी तेरा बापाच्या आधी गेले. प्राणी बारा असल्याने, काहीच संबंध नसेल तर तेरांपैकी सरासरी एक मृत्यू घोड्याच्या वर्षी पडेल. पडले दोन. १७६२, १७७४ आणि १७८६ रिकामी गेली. एकावर दोन, यावरून हो म्हणता येत नाही आणि नाही म्हणता येत नाही. दुसरा लाडका मुलगा योंगछोंग देवीने गेला तो जानेवारी १७४८ च्या अखेरीस, आईच्या आधी दोनेक महिने; लीछुन अजून यायचा असल्याने ते अजून सशाचंच वर्ष.

यातून उभी राहिलेली पद्धत

हे प्रकरण संपेपर्यंत माझ्या अभ्यासाला आकार आला. वर्ष लीछुनला बदलायचं, दशा अंशांनी मोजायची आणि त्यांची सांगड आधीच पानावर मांडून ठेवायची. वाचन तारीख घालून लिहायचं. एखादं वर्ष जुळलं की त्या प्रकारची सगळी वर्षं काढायची, जुळलेली आणि न जुळलेली. एकमेकांवर अवलंबून असलेल्या घटना एकच मोजायच्या. दशाबदलाचं वर्ष कुणाला सांगताना पुढेमागे एकेक वर्ष सोडूनच सांगायचं, कारण राजवाड्याच्या वाचकात आणि माझ्यातच वर्षाचं अंतर पडतं.

जिवंत माणसांच्या पत्रिकांना सर्वात आधी वेळ शुद्ध करावी लागते. १७११ मध्ये बीजिंगची वेळ बीजिंगच्या सूर्याचीच होती. आपल्या घड्याळाची तशी नाही. भारतीय प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंशांची, मुंबई सुमारे ७२.८ वर, म्हणजे सूर्य घड्याळाच्या ३९ मिनिटं मागे. दुपारी एक वाजून वीस मिनिटांनी मुंबईत जन्मलेल्या बाळाचा प्रहर घड्याळाने मेंढीचा दिसतो, पण सूर्याने तो अजून घोड्याचाच असतो. पुण्याला हा फरक पस्तिसेक मिनिटांचा, नागपूरला चौदाच्या आसपास, आणि त्यात ऋतूनुसार आणखी पाव तासापर्यंत कमी-जास्त. जुन्या माणसांच्या बाबतीत आणखी विचारावं लागतं. १९५५ पर्यंत मुंबईत काही ठिकाणी स्थानिक "मुंबई टाइम" चालू होता, आणि दुसऱ्या महायुद्धात काही वर्षं देशभर घड्याळं तासभर पुढे होती. आजीच्या वहीतली "सकाळी सात" कोणत्या घड्याळाची, हे विचारल्याशिवाय मी चौथा खांब लिहीत नाही. चीनमध्ये १९८६ ते १९९१ च्या उन्हाळ्यांत जन्मलेल्यांनाही तासाची वजाबाकी करावीच लागते.

कोणाचा मृत्यू, कोणाचं लग्न मोडणं, मुलांवरचं संकट हे मी सांगत नाही. छ्येनलोंगच्या पत्रिकेत नेमक्या याच जागी नियम सर्वात कमजोर निघाले आणि ऐकणाऱ्याच्या मनावर याच गोष्टी सर्वात खोल बसतात. स्वभाव, कामाचा प्रकार, कोणत्या दशेत माणसाला जोर मिळतो आणि कोणत्या दशेत त्याने जपून राहावं, एवढ्यावर मी बोलते; आणि तेही समोरच्याने आधी स्वतःच्या आयुष्यातली तीन-चार ठळक वर्षं बंद पाकिटात लिहून दिली असतील तरच. वाचन झालं की पाकीट दोघांसमोर उघडायचं आणि जे जुळलं नाही ते त्याच पानावर शाईने लिहायचं.